इसार, जामीन व अनामत : सरकारी मक्त्यांतील हमीचा इतिहास (जालना प्रदेशाच्या संदर्भात)

सरकारी कामाची कोणतीही निविदासूचना घेतली तरी तीत कामाचे नाव, अंदाजित किंमत व मुदत यांच्या जोडीस ‘बयाणा रक्कम’ असा एक रकाना हटकून आढळतो. काम मिळो अथवा न मिळो, बोली करणाराने ही रक्कम आधी भरावयाची असते. मुदतीच्या आत त्याने बोली मागे घेतली, किंवा काम मंजूर झाल्यावर करारावर सही करण्याचे नाकारले, तर ती सरकारजमा होते. वरवर पाहता ही एक कारकुनी बाब वाटते. परंतु सरकार व मक्तेदार यांच्यांतील वादांचा शोध घेतला असता त्यांतील पुष्कळ वाद या एका रकान्यापाशी येऊन थांबतात असे दिसते. ही रक्कम कोणाची? ती कोणत्या तत्त्वावर जप्त होते? सरकारचे काहीच नुकसान झाले नसेल तरीही ती जप्त व्हावी काय? या प्रश्नांची उत्तरे केवळ चालू नियमपुस्तिकांत मिळत नाहीत. ज्या शब्दांनी हा व्यवहार चालतो त्या शब्दांचा व त्यांमागील संस्थांचा इतिहास पाहिल्यावाचून त्यांचा उलगडा होणार नाही. प्रस्तुत निबंधात तो इतिहास जालना प्रदेश डोळ्यांपुढे ठेवून मांडला आहे. या प्रदेशावर शिंद्यांचा, निजामाचा व पुढे भारतीय प्रजासत्ताकाचा असे तीन अंमल क्रमाने आले. त्यामुळे हमीच्या तीन निरनिराळ्या पद्धती या एकाच भूमीवर पडताळून पाहता येतात.

१. शब्दांची साक्ष

मराठवाड्यात सरकारी काम घेणाराला लोक आजही ‘गुत्तेदार’ म्हणतात. ‘गुत्ता’ हा शब्द कन्नड ‘गुत्तिगे’ व तेलुगू ‘गुत्त’ यांच्या कुळातला असून ठरीव रकमेवर घेतलेला हक्क वा काम असा त्याचा अर्थ आहे. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला ‘लिलाव’ म्हणतात तो शब्द पोर्तुगीजांकडून आला. मराठवाड्यात त्याच व्यवहाराला ‘हर्रास’ किंवा ‘हर्राशी’ म्हणतात, व तो शब्द अरबी ‘हर्राज’वरून उर्दूच्या द्वारे रुळला. ‘मक्ता’, ‘इजारा’ व ‘जामीन’ हे तिन्ही शब्द अरबी होत. ‘निविदा’ हा मात्र राज्यकारभार मराठीतून चालू लागल्यावर रूढ झालेला संस्कृत घडणीचा शब्द आहे. म्हणजे एका साध्या सूचनेत या प्रदेशावरून गेलेल्या राजवटींचे थर एकावर एक साचलेले दिसतात.

हमीवाचक शब्दांचा विचार अधिक बारकाईने केला पाहिजे. ‘बयाणा’ याच्या मुळाशी विक्रीवाचक अरबी ‘बै’ हा शब्द आहे. सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून दिलेली रक्कम, हा त्याचा अर्थ. मराठीतील ‘इसार’ अथवा ‘विसार’ याचा अर्थही हाच. ‘जामीन’ हा शब्द मात्र रकमेचा वाचक नसून माणसाचा वाचक आहे. दुसऱ्याच्या वतीने जो उभा राहतो तो जामीन. ‘अनामत’ हे ‘अमानत’ या अरबी शब्दाचे वर्णविपर्ययाने झालेले रूप. विश्वासाने दुसऱ्यापाशी ठेवलेली वस्तू, हा त्याचा मूळ अर्थ. ज्याच्यापाशी ती ठेवली तो तिचा मालक होत नाही, केवळ राखणदार होतो.

हा भेद केवळ कोशातला नव्हे. इसार हा सौद्याचा अंश आहे, जामीन हा सौद्याबाहेरचा तिसरा पक्ष आहे, आणि अनामत ही ठेवणाराचीच मालमत्ता आहे. आजच्या व्यवहारात एकाच रकमेला कधी बयाणा, कधी इसारा रक्कम, तर कधी अनामत रक्कम म्हटले जाते. शब्दांची ही सरमिसळ झाली म्हणून संस्थांचीही सरमिसळ झाली, की संस्था एकवटल्या म्हणून शब्द एकवटले, हे निश्चित सांगणे अवघड असले तरी न्यायालयांतील वादांचे मूळ या सरमिसळीत आहे, हे पुढील विवेचनावरून दिसून येईल.

२. सत्यंकार व प्रतिभू

धर्मशास्त्रात या दोन्ही संस्था स्वतंत्रपणे वर्णिलेल्या आहेत. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात प्रतिभूचे, म्हणजे जामिनाचे, तीन प्रकार सांगितले आहेत : ऋणकोस हजर करण्याविषयीचा, त्याच्या सचोटीविषयीचा, व त्याचे देणे स्वतः देण्याविषयीचा. पुढे मराठी कागदपत्रांत ‘हाजीरजामीन’, ‘फैलजामीन’ व ‘मालजामीन’ अशी जी त्रयी भेटते ती या विभागणीशी बरीच जुळते. शब्द परके आले, तरी त्यांना जागा करून देणारी कल्पना येथे आधीपासूनच नांदत होती.

त्याच अध्यायात ‘सत्यंकार’ या नावाने इसाराचा विचार आला आहे. विज्ञानेश्वराने मिताक्षरेत त्याचे स्पष्टीकरण करताना खरेदीविक्रीचा निश्चय झाल्याची खूण म्हणून दुसऱ्याच्या हाती दिलेल्या अंगठीचे उदाहरण घेतले आहे. देणारा फिरला तर त्याची अंगठी गेली. परंतु घेणारा फिरला तर त्याने दुप्पट परत केली पाहिजे. रोमन कायद्यातील ‘आऱ्हा’ या संस्थेचा नियम असाच होता, व फ्रान्सच्या नागरी संहितेतही तो उतरला आहे. मिताक्षरा कल्याणीच्या चालुक्यांच्या राजधानीत, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी रचली गेली. ते कल्याण म्हणजे पुढे हैदराबाद संस्थानात मोडणारे, मराठवाड्याच्या सीमेलगतचे आजचे बसवकल्याण होय. इसार दोन्ही पक्षांना सारखा बांधतो, हे तत्त्व या भूमीला परके नव्हते, हे सांगण्यापुरताच हा उल्लेख. तथापि पुढील इतिहासाचे सूत्र येथेच हाती लागते. कारण सरकार हा सौद्यातील एक पक्ष झाल्याबरोबर या तत्त्वाचा अर्धा भाग गळून पडला.

३. रसद व जामीनकतबा

सरकारी मक्त्याचा सर्वांत जुना व मोठा प्रकार म्हणजे जमीनमहसुलाचा मक्ता. मलिक अंबराने (मृत्यू १६२६) महसुलाची इजारेदारी मोडून गावांशी थेट ठराव केला, असे ग्रँट डफने नमूद केले आहे. ही पद्धत मोडावी लागली, यावरूनच ती पूर्वी बळावली होती हे उघड होते.

पेशवाईत मामलत सांगताना कमाविसदाराकडून ‘रसद’ घेण्याची वहिवाट पडली. रसद म्हणजे अंदाजित वसुलापैकी काही हिस्सा आगाऊ भरणे. कमाविसदार ती बहुधा सावकाराकडून उचलून भरी, सरकार तिच्यावर व्याज मान्य करी, व पुढे वसुलातून ती फिटत असे. वरवर पाहता ही रक्कम आजच्या बयाण्यासारखी भासते, परंतु तिचे स्वरूप निराळे आहे. रसद ही दंडाची रक्कम नव्हती. ते सरकारने काढलेले कर्जच होते. चुकाराबद्दलची हमी पैशावर नसून माणसांवर होती. ‘जामीनकतबा’ लिहून घेतला जाई, व तो लिहून देणारा बहुधा पंचक्रोशीतील वजनदार सावकार किंवा वतनदार असे. कमाविसदाराची माहिती, पत व अब्रू यांची पारख करण्याचे काम अशा रीतीने जामिनाकडे जाई. कारण चूक झाल्यास झळ त्यालाच लागावयाची असे.

दुसऱ्या बाजीरावाच्या कारकीर्दीत (१७९६–१८१८) ही घडी विसकटली. माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी १८१९ मध्ये जो अहवाल लिहिला, त्यात मामलती अधिकाधिक रक्कम देणाराला कशा दिल्या जात, व वरचा इजारदार पोटइजारदारास आणि तो पुढे पाटलास वाढीव दराने मक्ता कसा देई, याचे वर्णन आहे. सर्वांत मोठी बोली हीच पात्रता ठरल्यावर जामिनाने करावयाची पारख निरर्थक झाली. बोली फुगली, आणि फुगलेली बोली अखेर कुणब्याकडून वसूल झाली.

४. जालन्याचे हस्तांतर व तालुकदारांचा काळ

जालन्याचा किल्ला व परगणा १८०३ च्या युद्धापूर्वी शिंद्यांकडे होता. ३० डिसेंबर १८०३ रोजी झालेल्या सुर्जी-अंजनगावच्या तहाने अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या दक्षिणेस गोदावरीपर्यंतचा मुलूख शिंद्यांनी सोडला. त्यात जालनापूरचा किल्ला व परगणा यांचा नावानिशी निर्देश आहे. पुढील वर्षी हा प्रदेश निजामाकडे आला, व मराठी कमाविशीच्या छायेतून तो हैदराबादच्या तालुकदारीत गेला.

या काळातील तालुकदार हा पगारी अंमलदार नव्हता. तो मक्तेदारच होता. चंदूलालच्या अमदानीत तालुके नजराण्यावर दिले जात, आणि पहिल्या तालुकदाराची मुदत संपण्यापूर्वीच अधिक नजराणा देणारा पुढे आला तर पहिल्यास उठविले जाई. याविषयी एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. हैदराबादेहून नेमणूक घेऊन निघालेला एक तालुकदार घोड्याच्या शेपटाकडे तोंड करून बसला होता. कारण विचारले असता तो म्हणाला, आपल्या जागी नेमलेला माणूस मागून येतो की काय, ते पाहात आहे. कथा रचलेली असेल, पण तिच्यातील टोला नेमका आहे. बोली करणाराची हमी घेण्याची व्यवस्था होती. बोली घेणाराची हमी देण्याची व्यवस्था मात्र कोठेच नव्हती.

पेस्तनजी आणि कंपनी या पारशी पेढीची हकीकत याच दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १८७० मध्ये लायलने सिद्ध केलेल्या वऱ्हाडच्या गॅझेटिअरात ती आली आहे. या पेढीने सरकारला दिलेल्या रकमांच्या फेडीसाठी १८४१ मध्ये चंदूलालने वऱ्हाडातील मोठा महसूल तिच्याकडे लावून दिला. १८४३ मध्ये चंदूलाल अधिकारावरून दूर झाला, व १८४५ मध्ये पेढीला ते महाल सोडावे लागले. त्या वेळी तिचे सुमारे ४० लाख रुपयांचे येणे बाकी होते. येथे पैसा देणारा फिरला नव्हता, घेणारा फिरला होता. मिताक्षरेचा नियम लावला तर हा दुप्पट परत करण्याचा प्रसंग होता. परंतु घेणारे सरकारच असल्यामुळे तो नियम लावणार कोण, हा प्रश्न उरला.

पहिला सालारजंग १८५३ मध्ये दिवाण झाला. त्याने तालुकदारीची इजारेदारी क्रमाने मोडली व १८६५ च्या जिल्हाबंदीने पगारी अंमलदारांची व्यवस्था घातली. महसुलाचा मक्ता संपला. पण मक्ता ही संस्था संपली नाही. सडका, इमारती, तलाव, पुरवठा व अबकारी या क्षेत्रांत ती नव्याने रुजली. फरक एवढाच की, जुना मक्तेदार सरकारला पैसा देण्याचे वचन देई, तर नवा कंत्राटदार सरकारकडून पैसा घेऊन काम करून देण्याचे वचन देतो. साहजिकच हमीचे प्रयोजनही बदलले. पूर्वी भीती होती ती वसूल बुडण्याची. आता भीती उरली ती न्यूनतम दराचा माणूस ऐन वेळी मागे सरण्याची.

५. १८७२ चा अधिनियम

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७२ मध्ये करार अधिनियम झाला. जालन्याचा प्रदेश तेव्हा त्याच्या कक्षेबाहेर होता. भाग ‘ब’ राज्यांसंबंधीच्या १९५१ च्या अधिनियमाने, १ एप्रिल १९५१ पासून, तो पूर्वीच्या हैदराबाद राज्यास लागू झाला. या अधिनियमातील तीन कलमांचा येथे संबंध येतो.

पाचव्या कलमाप्रमाणे प्रस्ताव करणारास, तो स्वीकारला गेल्याचे कळविले जाण्यापूर्वी, आपला प्रस्ताव मागे घेता येतो. निविदा हा असाच प्रस्ताव होय. एकशेसव्वीसावे कलम हमीच्या कराराचे आहे. त्यात धनको, ऋणको व जामीन हे तीन पक्ष येतात, म्हणजे ते जुन्या मालजामिनाचेच कलम आहे. चौऱ्याहत्तराव्या कलमात असे तत्त्व आहे की, करारभंगाबद्दल एखादी रक्कम आधीच ठरविलेली असली, तरी पीडित पक्षास त्या मर्यादेच्या आत वाजवी भरपाईच मिळावी. या कलमाला एक अपवाद व त्या अपवादाला एक स्पष्टीकरण जोडलेले आहे. सार्वजनिक कर्तव्याबद्दल सरकारला बंधपत्र लिहून देणाराने भंग केल्यास पूर्ण रक्कम द्यावी, हा अपवाद; परंतु सरकारशी करार करणारा प्रत्येक मनुष्य केवळ तेवढ्याने सार्वजनिक कर्तव्य अंगावर घेतो असे नव्हे, हे स्पष्टीकरण. सरकार हा करारातील एक सामान्य पक्ष आहे, ही भूमिका कायद्याने १८७२ मध्येच घेतली होती. दुसऱ्या बाजीरावाच्या व चंदूलालच्या व्यवहारानंतर ही भूमिका किती मोलाची होती, हे सांगावयास नको.

६. न्यायालयांपुढील वाद

स्वातंत्र्योत्तर काळात या कलमांचा अर्थ सर्वोच्च न्यायालयापुढील निवाड्यांतून घडत गेला. फतेहचंद विरुद्ध बालकिशन दास या १९६३ च्या खटल्यात दिल्लीतील घराच्या व्यवहारात १,००० रुपये इसार म्हणून व २४,००० रुपये त्यानंतर दिले गेले होते. इसाराचे १,००० रुपये विक्रेत्यास ठेवू देऊन, उरलेल्या रकमेविषयी न्यायालयाने वाजवी भरपाईचे तत्त्व लावले.

मौला बक्ष विरुद्ध भारत सरकार हा १९६९ चा खटला सरकारी पुरवठ्याचा होता. लष्कराला बटाटे पुरविण्याच्या करारापोटी १०,००० रुपये आणि कोंबड्या, अंडी व मासळी यांच्या करारापोटी ८,५०० रुपये अशी अनामत कंत्राटदाराने भरली होती. करार १९४७ च्या फेब्रुवारी-मार्चमधले होते. पुरवठ्यात कसूर झाल्यामुळे वर्षअखेरीस सरकारने ते मोडले व १८,५०० रुपये जप्त केले. न्यायालयाने म्हटले की, ही रक्कम इसार नव्हती, काम पार पाडण्याबद्दलची ठेव होती. सरकारने बाजारातून माल घेतला असेल तर झालेले नुकसान त्याला सिद्ध करता आले असते. ते केले नाही, म्हणून रक्कम परत केली पाहिजे. ‘अनामत’ या शब्दाचा मूळ अर्थ या निर्णयाने एक प्रकारे पुन्हा प्रस्थापित केला.

त्याच वर्षीचा श्री हनुमान कॉटन मिल्स विरुद्ध टाटा एअरक्राफ्ट हा निर्णय इसाराच्या बाजूचा आहे. विमानांच्या मोडीच्या सुमारे १० लाखांच्या सौद्यात २,५०,००० रुपये इसार म्हणून दिले गेले होते, व खरेदीदार मागे सरल्यावर ते जप्त झाले. न्यायालयाने इसाराची लक्षणे सांगून ही जप्ती मान्य केली : तो सौदा होताना दिला जातो, व्यवहार पुरा झाल्यास किमतीत वळता होतो, आणि देणाराच्या दोषाने व्यवहार फसल्यास बुडतो. घेणाराने दुप्पट परत करण्याची बाजू या लक्षणांत नाही. इंग्रजी परंपरेतून आलेला इसार हा एकतर्फी इसार आहे.

निविदेसोबतचा बयाणा या दोहोंपैकी कोणत्या वर्गात पडतो? तो भरला जातो तेव्हा सौदा झालेलाच नसतो, म्हणून तो काटेकोर अर्थाने इसार नव्हे. काम सुरू झालेले नसते, म्हणून ती कामाची अनामतही नव्हे. राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या २००३ च्या पथकर वसुलीच्या खटल्यात हा प्रश्न ऐरणीवर आला. बोली करणाराने वैधता मुदतीत, पण स्वीकृतीपूर्वी, आपली बोली मागे घेतली होती. पाचव्या कलमाने तसा हक्क दिलेला असता रक्कम जप्त कशी होते, असा त्याचा युक्तिवाद होता. सर्वोच्च न्यायालयाने उत्तर दिले की, बोली मागे घेण्याचा हक्क राहतोच, परंतु ती मागे घेतली जाऊ नये म्हणूनच हमीची रक्कम घेतलेली असते. बोलीत भाग घेऊ देण्याची ती स्वतंत्र अट होय.

यानंतर कैलाशनाथ असोसिएट्स विरुद्ध दिल्ली विकास प्राधिकरण हा २०१५ चा निर्णय आला. ३.१२ कोटी रुपयांच्या बोलीवर ७८ लाख रुपयांचा इसार भरला गेला होता. प्राधिकरणाने तो जप्त केला, व पुढे तोच भूखंड ११.७८ कोटी रुपयांना विकला. नुकसान तर झालेच नव्हते, उलट मोठा लाभ झाला होता. न्यायालयाने इसारालाही चौऱ्याहत्तरावे कलम लावले व रक्कम परत करविली. मात्र त्याच निर्णयात असेही म्हटले की, करार होण्यापूर्वी जाहीर लिलावाच्या अटींनुसार झालेल्या जप्तीस हे कलम लागू होणार नाही.

दोन्ही निर्णय शेजारी ठेवले असता एक विसंगती दिसते. ज्याने करार केला व मोडला, त्याच्याविरुद्ध सरकारला नुकसान दाखवावे लागते. ज्याने करार केलाच नाही, केवळ बोली मागे घेतली, त्याची रक्कम नुकसानाच्या पुराव्यावाचून जाते. लहान दोषाला कठोर नियम व मोठ्या दोषाला सौम्य नियम, असा हा क्रम झाला. शिवाय निविदेची अट हा स्वतंत्र करार मानला, तर त्या कराराच्या भंगालाच चौऱ्याहत्तरावे कलम का लावू नये, याचे समाधानकारक उत्तर या विचारसरणीत सापडत नाही.

हमीच्या रूपाविषयीचे वाद याहून निराळे. पोद्दार स्टील विरुद्ध गणेश इंजिनिअरिंग या १९९१ च्या खटल्यात वाराणसीच्या डिझेल इंजिन कारखान्याच्या निविदेत बयाणा रोख किंवा स्टेट बँकेच्या धनाकर्षाने भरावा, अशी अट होती. एकाने युनियन बँकेचा प्रमाणित धनादेश जोडला. अटींचे मूलभूत व आनुषंगिक असे दोन वर्ग करून न्यायालयाने ही उणीव आनुषंगिक मानली व देकार ग्राह्य ठरविला. याउलट रमण दयाराम शेट्टी खटल्यात, मुंबई विमानतळावरील उपाहारगृहाच्या संदर्भात, सरकारी संस्थेने स्वतः घातलेल्या पात्रतेच्या अटी तिला स्वतःलाही बांधतात, असे तत्त्व १९७९ मध्ये न्या. भगवतींनी मांडले होते. अट सरकारलाही बांधते, हे त्यातील सूत्र इसाराच्या हरवलेल्या दुसऱ्या बाजूच्या सर्वांत जवळ जाणारे आहे.

७. हमीची किंमत कोण देतो

बयाण्याचे प्रयोजन खोटे आहे असे मात्र नव्हे. बोली विनामूल्य ठेवली, तर न्यूनतम दराचा मनुष्य दुसऱ्या क्रमांकाशी संधान बांधून मागे सरेल, व दोन दरांतील तफावत सरकारी तिजोरीवर पडेल. ही तफावत हेच वास्तविक नुकसान होय. अमेरिकेत सरकारी बांधकामांसाठी १८९४ च्या व नंतर १९३५ च्या कायद्यांनी जामीनपत्रांची पद्धत दृढ केली. तेथील बोलीच्या जामीनपत्रात सामान्यतः ही तफावतच, ठरीव मर्यादेच्या आत, जामीन भरून देतो. म्हणजे तेथे तिसरा पक्ष शिल्लक आहे. येथे तो गेला व त्याची जागा रकमेने घेतली.

या बदलाचा भार कोणावर पडतो हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, परतूर तालुक्यातील एका बंधाऱ्याच्या दुरुस्तीचे काम ४० लाखांचे आहे. केंद्राच्या २०१७ च्या सर्वसाधारण वित्तीय नियमांत बयाण्याचे प्रमाण २ ते ५ टक्के आहे. ते येथे लावले तर किमान ८०,००० रुपये अडकतात. दरसाल १२ टक्क्यांनी कर्ज काढून ही रक्कम ९० दिवस ठेवली, तर सुमारे २,३६७ रुपये केवळ व्याजाचे होतात. एक काम मिळविण्यासाठी पाच ठिकाणी बोली करावी लागली तर ४ लाख रुपये अडकतात व व्याज सुमारे ११,८०० रुपयांवर जाते. मोठ्या कंपनीला ही रक्कम नगण्य होय. तालुक्याच्या गुत्तेदाराला ती भांडवलाचा लचका वाटते. बँकहमी देण्याची सोय असली, तरी बँकही तारण मागतेच. पेशवाईतील सरकार रसदेवर व्याज मान्य करी. आजच्या बयाण्यावर ते दिले जात नाही.

ही अडचण शासनाने ओळखली नाही असे म्हणता येणार नाही. २०१२ च्या आदेशाने केंद्रीय खरेदीत सूक्ष्म व लघुउद्योगांना बयाण्यातून सूट मिळाली. महासाथीच्या काळात, नोव्हेंबर २०२० मध्ये, केंद्राने डिसेंबर २०२१ अखेरपर्यंत बयाण्याऐवजी केवळ घोषणापत्र घेण्याचे ठरविले : बोली मागे घेतल्यास काही काळ बोली करण्यास अपात्र ठरविले जावे, एवढीच त्यातील शिक्षा. ही एक प्रकारे फैलजामिनाची कल्पना आहे; फरक एवढाच की, आपल्या वर्तनाचा जामीन माणूस स्वतःच झाला. त्यानंतर फेब्रुवारी २०२२ मध्ये विमा कंपन्यांची जामीनपत्रे बयाण्याच्या जागी चालतील, अशी सुधारणा वित्तीय नियमांत झाली. मालजामीन असा सुमारे दोनशे वर्षांनी, विमा कंपनीच्या रूपाने, सरकारी मक्त्याच्या दारात पुन्हा उभा राहिला आहे. जुना सावकार पंचक्रोशीतील माणसाला ओळखत असे. नवी कंपनी त्याचे ताळेबंद ओळखते. लहान गुत्तेदाराचा ताळेबंद बहुधा अपुरा असतो, आणि पत मात्र गावाला ठाऊक असते. ही पत मोजण्याचे साधन जोवर नव्या जामिनाला सापडत नाही, तोवर या सुधारणेचा लाभ वरच्या थरातच राहण्याचा संभव आहे.

समारोप

१ मे १९८१ रोजी जालना हा स्वतंत्र जिल्हा झाला, व त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाचे कामकाज औरंगाबाद येथेही सुरू झाले. गोदावरी, दुधना व पूर्णा यांच्या पात्रांतील वाळूचे लिलाव असोत, टंचाईच्या वर्षी टँकरने पाणी पुरविण्याच्या निविदा असोत, किंवा रस्त्यांची कामे असोत, त्यांतील वादांसाठी आता हैदराबादची वाट धरावी लागत नाही. घोड्याच्या शेपटाकडे तोंड करून बसण्याचीही पाळी येत नाही. कारण मुदतीपूर्वी उठविलेल्या मक्तेदारास न्यायालय उपलब्ध आहे. ही मोठी प्रगती होय.

तथापि एक गोष्ट अपुरीच राहिली आहे. बोली करणारा मागे सरला तर त्याची रक्कम जाते. परंतु सरकारने महिनोन्‌महिने निर्णय न घेता अखेर निविदाच रद्द केली, तर बोली करणारास त्याची रक्कम तेवढी परत मिळते. अडकलेला काळ, भरलेले व्याज व सोडलेली दुसरी कामे यांचा हिशेब कोणत्याही रकान्यात नाही. सार्वजनिक हितासाठी निविदा रद्द करण्याची मुभा सरकारला असलीच पाहिजे, आणि दुप्पट परत करण्याचा प्राचीन नियम आज जसाच्या तसा लावावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु त्या नियमामागील न्यायबुद्धी, म्हणजे वचनाची खूण घेणाराही वचनाने बांधला जातो ही जाणीव, टाकून देण्याजोगी नाही. विहित मुदत उलटल्यावर बयाण्यावर व्याज देणे, आणि बोली मागे घेतल्यास दोन दरांतील प्रत्यक्ष तफावतीपुरतीच जप्ती करणे, या दोन साध्या नियमांनी तिचा पुष्कळसा अंश परत आणता येईल. रकमेला ‘अनामत’ म्हणावयाचे, तर तिच्याशी राखणदारासारखे वागले पाहिजे. ‘इसार’ म्हणावयाचे, तर दोन्ही बाजूंनी तिचे बंधन मानले पाहिजे.